खटका पडतो तेव्हा

ट्रेडमिल हे यंत्र मूळचं तुरुंगातलं. इंग्लंडमधल्या नॉरफोकचा विल्यम क्यूबिट हा एका गिरणीवाल्याचा मुलगा, पुढे नावाजलेला इंजिनिअर. 1818च्या सुमारास त्याने कैद्यांना कामाला लावायची एक युक्ती काढली. एक लांबलचक आडवं चाक, त्याच्या परिघावर ओळीने पायऱ्या. कैद्यांनी समोरचा दांडा धरून पायरीवर पाय द्यायचा, वजनाने चाक खाली फिरायचं, की लगेच पुढच्या पायरीवर पाय. तासन्‌तास जिना चढायचा आणि पोचायचं कुठेच नाही. 1821 साली लंडनच्या ब्रिक्स्टन तुरुंगात अशी चाकं बसली, त्यांच्यावर धान्य दळलं जाई. काही तुरुंगांत तर चाकाला जोडलेलं काहीच नसे. शिक्षा म्हणून नुसतं चालायचं. 1895 साली सक्तमजुरीची शिक्षा झालेल्या ऑस्कर वाइल्डनेही पेंटनव्हिलच्या तुरुंगात हे चाक तुडवलं. 1898च्या तुरुंग कायद्यानंतर ही चाकं हळूहळू थांबली.

त्या ट्रेडमिलमध्ये माणूस हेच इंधन होतं, आणि एकत्र पाय टाकणाऱ्या माणसांच्या जोरावर अख्खी गिरणी फिरत होती. आज आपल्या घरातली ट्रेडमिल उलटी चालते. यंत्र माणसाला फिरवतं आणि इंधन येतं भिंतीतल्या सॉकेटमधून. या अदलाबदलीत एक प्रश्न नव्याने जन्माला आला, तो क्यूबिटला कधी पडला नसता: भिंतीतल्या तारेला हे सगळं झेपणार आहे का?

हा प्रश्न घरात रोज कोणीतरी विचारत असतं. मेन बोर्डातला खटका. तो ‘टक्’ करून पडला की आपण म्हणतो, लाइट गेली. पण लाइट गेलेली नसते, ती कोणीतरी थांबवलेली असते. आमच्या घरात एका ट्रेडमिलमुळे हा खटका जवळपास वर्षभर पडत होता. कारण शोधता शोधता माझ्या लक्षात आलं की बोर्डात एक नाही, तीन वेगवेगळ्या काळांतले पहारेकरी बसलेत. प्रत्येकाचा जन्म वेगळ्या भीतीतून झालाय. आणि त्यातला नेमका कोण ओरडतोय हे ओळखल्याशिवाय दुरुस्ती करणं म्हणजे घरातली घंटा वाजते म्हणून घंटाच काढून टाकणं.

तुरुंगातून दवाखान्यात

आधी हे सांगायला हवं की तुरुंगातलं यंत्र आमच्या बाल्कनीत पोचलं कसं. मधला थांबा दवाखान्याचा आहे. अमेरिकेत सिअ‍ॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात डॉ. रॉबर्ट ब्रूस हृदयरोग्यांना चालवून त्यांचा ईसीजी काढायचा प्रयत्न करत होते. आडव्या झोपलेल्या माणसाचं हृदय बऱ्याचदा काही बोलत नाही, श्रम पडले की बोलतं. त्यांच्यासाठी वेन क्विन्टन या इंजिनिअरने 1950च्या दशकात विजेवर चालणारी ट्रेडमिल तयार केली. 1963 साली ब्रूस यांनी जी पद्धत मांडली ती आजही त्यांच्या नावाने चालते. ताशी सुमारे 2.7 किलोमीटर वेग आणि 10 टक्के चढ इथून सुरुवात, आणि दर तीन मिनिटांनी दोन्ही वाढवत न्यायचं. आपल्याकडे तिला कोणी ‘ब्रूस प्रोटोकॉल’ म्हणत नाही. आपण म्हणतो टीएमटी. पन्नाशी ओलांडलेल्या बहुतेक बाबांच्या फाइलमध्ये तिचा एक कागद असतो.

घराघरात ट्रेडमिल नेली ती विल्यम स्टॉब या आणखी एका अमेरिकन इंजिनिअरने. डॉ. केनेथ कूपर यांचं ‘एरोबिक्स’ हे पुस्तक 1968 साली आलं. ते वाचून स्टॉबला वाटलं की लोकांना घरच्या घरी पळायला एक स्वस्त, साधं यंत्र हवं. त्यातून पेसमास्टर नावाची घरगुती ट्रेडमिल आली. शिक्षेचं यंत्र आधी तपासणीचं झालं, मग आरोग्याचं.

आमच्या घरी ते आलं बाबांमुळे. त्यांची टीएमटी पॉझिटिव्ह आली, पुढे एक स्टेंट बसली आणि डॉक्टरांनी रोज अर्धा तास सपाट जागेवर चालायला सांगितलं. डोंबिवलीत पावसाळ्यात सपाट जागा म्हणजे काय ते तिथे राहणाऱ्यांना सांगायला नको. म्हणून सेकंडहँड ट्रेडमिल आली आणि दुसरीकडे जागा नसल्यामुळे बंद केलेल्या बाल्कनीत उभी राहिली. पहिले काही दिवस ठीक गेले. मग रोज दहा-बारा मिनिटं झाली की ‘टक्’. टीव्ही, फ्रीज, पंखा सगळं बंद, आणि पट्टा जागच्या जागी थांबलेला. चालता चालता पायाखालची जमीन एकदम थांबली तर काय होतं, ते बाबांनी दोनदा दांडा धरून निभावलं. अंधाराची तक्रार त्यांनी केली नाही. ते एवढंच म्हणाले, ‘‘स्टेंट टिकेल गं, गुडघा नाही टिकायचा.’’

पहिला पहारेकरी: वितळणारी तार

विजेची तार गरम होते. जास्त प्रवाह गेला की जास्त गरम होते, आणि प्रवाह दुप्पट झाला तर उष्णता दुपटीने नाही, चौपटीने वाढते. घराच्या भिंतीत, लाकडी पट्टीखाली, कापडी आवरणात गुंडाळलेली तार तापली तर आग लागणार हे विजेच्या पहिल्या दिवसांतच उघड झालं होतं.

थॉमस एडिसनने यावर काढलेला उपाय अगदी शेतकऱ्याच्या शहाणपणासारखा आहे. मोठा बांध फुटू नये म्हणून आपणच एक कमजोर जागा ठेवायची. सर्किटमध्ये एक बारीक, लवकर वितळणारा तुकडा बसवायचा. प्रवाह मर्यादेबाहेर गेला की आधी तो मरेल आणि बाकीची तार वाचेल. 1880 साली त्याला याचं पेटंट मिळालं. फ्यूजचा जन्म तो. 1882च्या सप्टेंबरमध्ये न्यूयॉर्कमध्ये एडिसनचं पर्ल स्ट्रीट वीजकेंद्र सुरू झालं.

त्याच 1882 साली मुंबईत क्रॉफर्ड मार्केटमध्ये पहिल्यांदा विजेचे दिवे लागले. ते फार काळ टिकले नाहीत. दिवे पुरवणारी कंपनीच बुडाली आणि मार्केट पुन्हा गॅसबत्तीवर गेलं. मुंबईला टिकाऊ वीज मिळाली 1905 साली आणि 7 मे 1907ला शहरात विजेची ट्राम धावली. वीज घरात शिरली तसा फ्यूजही शिरला. पांढऱ्या चिनी मातीचा, दोन तुकड्यांचा, ओढून काढायचा. वायरमन मंडळी त्याला अजून किटकॅटच म्हणतात.

ज्यांचं लहानपण चाळीत किंवा जुन्या बिल्डिंगमध्ये गेलंय त्यांना ‘फ्यूज बांधणे’ हा शब्दप्रयोग आठवत असेल. रात्री लाइट गेली की कोणीतरी काका बॅटरी घेऊन जिन्याखाली जायचे, किटकॅट ओढायचे आणि नवी तार गुंडाळायचे. पुन्हा उडाला तर जरा जाड तार. मग आणखी जाड. शेवटी तांब्याच्या वायरचे चार-पाच पदर एकत्र पिळून घातले की फ्यूज पुन्हा कधीच उडायचा नाही आणि सगळे खूश. खरं तर त्या क्षणी फ्यूज उरलेलाच नसायचा. बिल्डिंगमधली सगळ्यात कमजोर जागा आता जिन्याखाली नव्हती, ती कोणाच्या तरी भिंतीत होती, आणि नेमकी कुठे हे कोणालाच माहीत नव्हतं.

हा काही फक्त आपला गुण नाही. अमेरिकेत स्क्रूसारख्या फ्यूजच्या मागे लोक चक्क तांब्याची पेनी घालत. शेवटी तिथे चुकीच्या क्षमतेचा फ्यूज बसूच नये अशी वेगळ्या आट्यांची रचना करावी लागली. माणूस अंधाराला जितका घाबरतो तितका आगीला घाबरत नाही, कारण अंधार आत्ता असतो आणि आग ‘कधीतरी’ असते. सुरक्षेच्या वस्तूंचा पुढचा सगळा इतिहास ही सवय गृहीत धरून लिहिला गेलाय.

दुसरा पहारेकरी: घड्याळातली पट्टी

आमच्या बोर्डात किटकॅट नव्हता. घरातलं वायरिंग काही वर्षांपूर्वी बदललेलं, त्यामुळे एमसीबींची ओळ होती. पडत होता त्यातला हॉलच्या लाइनचा, 10 अँपिअरचा.

एमसीबी हा जर्मनीतला शोध. मानहाइममधल्या हुगो श्टोट्झच्या कंपनीत, हाइनरिश शाख्टनर या सहकाऱ्यासोबत तो घडला आणि 1924 सालच्या पेटंटने नोंदला गेला. फ्यूज एकदा मरतो. हा खटका पडतो आणि पुन्हा उचलता येतो. तार बांधायची नाही, त्यामुळे जाड तार बांधायचा मोहही नाही. पण त्याची खरी हुशारी अशी की एकाच डबीत दोन वेगवेगळे न्यायाधीश बसवलेत, एक सावकाश विचार करणारा आणि एक शीघ्रकोपी.

सावकाश विचार करणारी असते द्विधातू पट्टी. दोन वेगवेगळे धातू एकमेकांना घट्ट जोडलेले. तापले की एक जास्त प्रसरण पावतो, एक कमी, आणि पट्टी वाकते. ही कल्पना विजेच्या कितीतरी आधीची. अठराव्या शतकात यॉर्कशायरच्या जॉन हॅरिसन या सुताराने जहाजावरचं घड्याळ उन्हाळ्या-हिवाळ्यात सारखंच चालावं म्हणून पितळ आणि पोलादाची अशी पट्टी वापरली होती. समुद्रावर वेळ राखायला जन्मलेली पट्टी आज आपल्या बोर्डात बसून वेळच मोजते. थोडा जास्त प्रवाह असेल तर ती घाई करत नाही. ठरलेल्या मर्यादेच्या 1.13 पटीपर्यंत ती किमान तासभर सहन करते. 1.45 पटीला तासाच्या आत पडते. जितका अतिरेक जास्त, तितका धीर कमी.

शीघ्रकोपी न्यायाधीश म्हणजे विद्युतचुंबक. शॉर्ट सर्किट झालं, प्रवाह एकदम अनेक पटींनी उसळला, की तो पट्टीची वाट न बघता क्षणात खटका ओढतो. तो किती उसळीला चिडतो यावरून एमसीबीचे प्रकार पडतात: बी प्रकार 3 ते 5 पटीला, सी प्रकार 5 ते 10 पटीला, डी प्रकार 10 ते 20 पटीला. मोटरवाली यंत्रं सुरू होताना क्षणभर जास्त प्रवाह ओढतात, म्हणून अशा लाइनवर बी प्रकार असेल तर काही बिघाड नसतानाही खटका पडू शकतो.

म्हणून पहिला प्रश्न ‘का पडला’ हा नसतो, ‘केव्हा पडला’ हा असतो. हे मला तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी शिकवलं. ते रेल्वेत इलेक्ट्रिकल विभागात नोकरी करून निवृत्त झालेले. बाबांनी त्यांना जिन्यात गाठून सगळं गाऱ्हाणं सांगितलं तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, ‘‘पिन लावल्या लावल्या पडतो, स्टार्ट दाबल्यावर पडतो, का चालून चालून पडतो?’’

पिन लावल्याबरोबर पडत असेल तर शॉर्ट किंवा आतल्या कपॅसिटरची उसळी. स्टार्टला पडत असेल तर मोटर किंवा तिचा कंट्रोलर. दहा-बारा मिनिटांनी पडत असेल तर पट्टी तापतेय, म्हणजे कोणीतरी सतत जास्त ओढतंय.

काका क्लॅम्प मीटर घेऊन आले. बोर्ड उघडून त्यांनी हॉलच्या लाइनच्या एकट्या फेजच्या वायरीभोवती मीटरचा चिमटा अडकवला आणि बाबांना चालायला लावलं. एकट्या ट्रेडमिलने साडेअकरा अँपिअर दाखवले. त्याच लाइनवर फ्रीज, टीव्ही, पंखे. सगळे मिळून चौदाच्या वर जात होते. 10च्या खटक्याने आजवर दहा-बारा मिनिटं धीर धरला हेच पुष्कळ.

पण ताशी चार किलोमीटरने चालणाऱ्या साठ किलोच्या माणसाला साडेअकरा अँपिअर कशाला लागतील? काकांनी यंत्र बंद करून, पिन काढून पट्टा एका बाजूने उचलला आणि खाली हात घातला. ‘‘बघ, खरखरीत आहे.’’ पट्टा एका फळीवरून घसरतो आणि मधे सिलिकॉन तेलाचा पातळ थर असावा लागतो. जुन्या मालकाने बहुधा तो कधी घातलाच नव्हता. बाबांचं प्रत्येक पाऊल कोरड्या फळीवर ब्रेक लावत होतं आणि मोटर तो ब्रेक ओढत होती. तेल घातलं, पट्ट्याचा ताण थोडा सैल केला आणि पुन्हा मोजलं. सहाच्या आत.

त्यानंतर चार महिने खटका पडला नाही. या प्रकरणात एमसीबीच्या जागी कोणी 25चा मोठा एमसीबी टाकला असता तरीही तो पडला नसता. फरक इतकाच की मग मोटरही कोरडीच राहिली असती आणि 10 अँपिअरसाठी घातलेली भिंतीतली तार रोज अर्धा तास तापत राहिली असती. जाड तारेचा फ्यूज आजकाल असा दिसतो.

तिसरा पहारेकरी: हिशेब न जुळला तर

जुलै लागला आणि पुन्हा ‘टक्’. या वेळी दहा मिनिटांनी नाही. कधी स्टार्टला, कधी दोन मिनिटांनी, कोरड्या दिवशी अजिबात नाही. आणि हॉलच्या लाइनचा खटका जागच्या जागी. पडत होता तो वरचा, रुंद, ज्याच्यावर ‘टी’ लिहिलेलं छोटं बटण असतं. सगळ्या घराची वीज एकदम जायची.

काका तेव्हा मुलीकडे गेले होते, म्हणून नाक्यावरच्या वायरमनला बोलावलं. त्याने बोर्ड पाहिला आणि क्षणात निदान केलं. ‘‘ताई, हा ईएलसीबी नाजूक झालाय. पावसाळ्यात सगळीकडे हाच प्रॉब्लेम. याला बायपास करून डायरेक्ट देतो, पुन्हा त्रास नाही. खाली एमसीबी आहेतच की.’’

तो फसवत नव्हता. त्याच्या अनुभवात हा खटका म्हणजे पावसाळ्यात रात्री-अपरात्री येणारे फोन. आणि खालचे एमसीबी होतेच हेही खरं. मी त्याला थांबायला सांगितलं ते एका आकड्यामुळे. त्या रुंद खटक्यावर 30 एमए लिहिलेलं होतं, म्हणजे 0.03 अँपिअर. खालच्या एमसीबीवर 10. तीनशे पटींहून जास्त फरक असलेले दोन पहारेकरी एकच राखण करत असतील हे शक्यच नाही.

हा तिसरा पहारेकरी आरसीसीबी. वायरमन त्याला अजून ईएलसीबी म्हणतात, ते त्याच्या जुन्या, वेगळ्या तत्त्वावरच्या पूर्वजाचं नाव. त्याचं काम समजून घ्यायला क्लॅम्प मीटरच बरा. चिमटा एकट्या फेजभोवती लावला तर प्रवाह दिसतो. फेज आणि न्यूट्रल दोन्हींभोवती एकत्र लावला तर शून्य दिसतं, कारण जेवढा प्रवाह गेला तेवढाच परत आला आणि दोघांनी एकमेकांना पुसून टाकलं. शून्य नसेल तर याचा अर्थ गेलेला सगळा परत आलेला नाही. मधे कुठेतरी तो अर्थिंगमधून, ओल्या भिंतीतून किंवा एखाद्या माणसातून जमिनीत उतरतोय. आरसीसीबी दिवसरात्र हाच हिशेब करत बसतो. किती प्रवाह गेला याच्याशी त्याला देणंघेणं नाही. 30 मिलिअँपिअरची तूट पडली की सेकंदाच्या एक तृतीयांश भागाच्या आत तो खटका पाडतो.

हा 30चा आकडा कुणाच्या मनात आला म्हणून ठरलेला नाही. त्यामागे माणसांच्या शरीरातून खरोखर प्रवाह सोडून केलेले प्रयोग आहेत. कॅलिफोर्नियात बर्कलेला चार्ल्स डॅलझिएल या प्राध्यापकाने स्वयंसेवकांच्या हातात तार देऊन प्रवाह हळूहळू वाढवत नेला आणि कोणत्या क्षणी माणसाला हात सोडवता येत नाही हे मोजलं. पुरुषांची सरासरी सुमारे 16 मिलिअँपिअर, स्त्रियांची त्याहून कमी, साडेदहाच्या आसपास. शॉक बसला की माणूस ‘चिकटतो’ असं आपण म्हणतो तो हा क्षण. वीज ओढून धरत नाही, स्नायू आखडतात आणि मूठ उघडत नाही. त्याच्या पुढे प्रवाह छातीतून जात राहिला, तर हृदयाची लय बिघडण्याचा धोका वाढत जातो. ऑस्ट्रियाचे गॉटफ्रीड बीगेलमायर यांनी तर स्वतःच्याच शरीरावर प्रयोग केले आणि 1957 साली तिथे आजच्या आरसीसीबीचा पूर्वज तयार झाला. डॅलझिएल यांनी 1961 साली अमेरिकेत आपला अवतार आणला. तिथे मर्यादा आणखी कडक, सुमारे 5 मिलिअँपिअर.

एडिसनच्या फ्यूजपासून इथवर यायला साधारण पाऊणशे वर्षं लागली. तोवर बोर्डातला प्रत्येक पहारेकरी तारेची, घराची, मालमत्तेची राखण करत होता. अमेरिकेत 1897 साली वायरिंगचे पहिले देशव्यापी नियम तयार झाले तेव्हा त्या टेबलाभोवती विमा कंपन्यांची माणसंही होती आणि चिंता मुख्यतः आगीची होती. 10 अँपिअरच्या एमसीबीच्या नजरेने पाहिलं, तर माणसाला मारणारा प्रवाह म्हणजे एखादा लहान बल्ब. त्याला काही कळतच नाही. माणूस मरताना एमसीबी पडत नाही, कारण तो माणसासाठी बनवलेलाच नाही.

आणि ट्रेडमिलवर कोण होतं? स्टेंट बसवलेला, घामाने ओला झालेला माणूस, लोखंडी चौकटीचा दांडा दोन्ही हातांनी घट्ट धरून. ज्या हृदयाची लय तपासायला ब्रूस यांनी माणसाला पट्ट्यावर उभं केलं, त्याच हृदयासाठी ठेवलेला एकुलता एक पहारेकरी ‘डायरेक्ट’ करून टाकायचा होता. वायरमनला मी व्हिजिटचे पैसे दिले आणि काका येईपर्यंत ट्रेडमिलची पिन काढून ठेवली. बाबा आठवडाभर हॉलमध्ये सोफ्याभोवती प्रदक्षिणा घालत होते.

हाताने फिरवायचा मेगर

काका आले ते एक चौकोनी, जुनाट डबी घेऊन. बाजूला घडीचा दांडा, वर काट्याची तबकडी. मेगर. सिडनी एव्हरशेड या इंग्रज इंजिनिअरच्या कारखान्यातून आलेलं हे उपकरण. 1903 साली नोंदलेलं ‘मेगर’ हे व्यापारी नाव इतकं रुजलं की भारतभर वायरमन ‘मेगर मारणे’ असं क्रियापद वापरतात. दांडा फिरवला की आतला छोटा जनित्र 500 व्होल्ट तयार करतो आणि तारेभोवतीचं इन्सुलेशन किती धड आहे ते काटा सांगतो. पुन्हा माणसाने फिरवायचं चाक, या वेळी मात्र कामाचं.

काकांनी पिन काढल्यावर दहा मिनिटं यंत्राला हात लावला नाही. आतल्या कपॅसिटरमध्ये वीज साठलेली असते, पिन काढली तरी. मग झाकण उघडलं, मोटरच्या वायरी कंट्रोलरपासून सोडवल्या, कारण 500 व्होल्टने इलेक्ट्रॉनिक्स मरतं. एक टोक मोटरच्या वायरीला, एक तिच्या लोखंडी अंगाला, आणि मला म्हणाले, ‘‘फिरव पोरी.’’

काटा शून्याला चिकटून राहिला.

मोटरच्या आत कार्बनचे ब्रश असतात. ते झिजतात आणि त्यांची बारीक काळी पूड साठत जाते. कार्बन विजेचा वाहक. कोरडी असेपर्यंत ती पूड सुटी सुटी राहते. पण आमची ट्रेडमिल बाल्कनीत होती आणि पावसाळ्यात दोरीवरचे कपडे तिच्याच डोक्यावर वाळत होते. दमट हवेने पुडीची वाट तयार झाली आणि वीज मोटरमधून चौकटीत, चौकटीतून अर्थिंगच्या वायरीत उतरू लागली. शिवाय प्रत्येक ट्रेडमिल, वॉशिंग मशीन, कॉम्प्युटर आपल्या फिल्टरमधून अगदी थोडी गळती अर्थिंगमध्ये सोडतच असतो. ती एकेकटी निरुपद्रवी असते, पण बेरीज होते.

म्हणजे खटका नाजूक झाला नव्हता. चौकटीतून खरोखरच वीज वाहत होती. अर्थिंग शाबूत होतं म्हणून ती बाबांमधून न जाता तारेने गेली. जुन्या बिल्डिंगमध्ये अर्थिंगची तार तिसऱ्या पिनपर्यंत असते, पण पुढे जमिनीपर्यंत असते का हे सहसा कोणी पाहत नाही. ते नसतं आणि वरचा खटकाही ‘डायरेक्ट’ असता, तर राहिलेली वाट एकच होती.

काकांनी ब्लोअरने पूड उडवली, ब्रश बदलले आणि मोटर दोन दिवस कोरड्या खोलीत ठेवली. पुन्हा मेगर फिरवला तेव्हा काटा बऱ्याच मेगओहमवर जाऊन थांबला. ट्रेडमिल बाल्कनीतून बेडरूममध्ये गेली, तिच्यासाठी बोर्डापासून वेगळी लाइन ओढली. जुना आरसीसीबी ‘एसी’ प्रकारचा होता, तो साध्या घरगुती गळतीसाठी ठीक. पण ट्रेडमिलसारखी यंत्रं आत विजेचं रूप बदलतात, त्यांची गळती तुटक असते आणि ती नीट ओळखतो तो ‘ए’ प्रकार. काकांच्या सांगण्यावरून तो बसवला.

तुमच्या घरात असं काही चालू असेल तर क्रम हाच ठेवा. आधी कोण पडतो ते पाहा, बारका एमसीबी की ‘टी’ बटणवाला. मग केव्हा पडतो. ट्रेडमिल एक्स्टेन्शन कॉर्डवर चालवू नका, मोठ्या पिनच्या सॉकेटवर थेट लावून पाहा. आरसीसीबी पडत असेल तर बाकीच्या पिना एकेक काढून पाहा. काही वेळा दोषी यंत्र नसतंच, दोन लाइनींचे न्यूट्रल कुठेतरी एकमेकांत गुंतलेले असतात आणि हिशेब तिथे चुकतो. झाकण उघडायचं काम मात्र जाणत्यालाच द्या. आणि ते ‘टी’ बटण महिन्यातून एकदा दाबा. ते मुद्दाम खोटी गळती तयार करतं. खटका पडला तर पहारेकरी जागा आहे.

काकांनी जाताना बाबांना जिन्याखालची मीटर रूम दाखवायला नेलं, मीही गेले. आमची बिल्डिंग 1986ची. आत अठरा मीटर, प्रत्येकाखाली चिनी मातीचे किटकॅट. काकांनी हात न लावता बॅटरीचा झोत एकेकावर फिरवला. त्यातल्या अकरांमध्ये फ्यूजची तार नव्हती, तांब्याच्या वायरीचे पिळलेले पदर होते. एक आमच्याच फ्लॅटचा.

सोसायटीच्या पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेत आम्ही मीटर रूमचा विषय घातलाय. रंगकाम आणि पार्किंगच्या नंतर, सहाव्या क्रमांकावर. गेल्या दोन्ही सभा चौथ्या विषयावरच संपल्या होत्या.